बीएस्सी मॅथ्स करू की बीबीए? वाचक विचारतात

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातली आहे, यंदा बारावी सायन्स झाली, गणितात 91 मार्क पडले. घरी केळीची बागायत आहे, शिवाय वडील आणि काका मिळून थोडा केळीचा व्यापारही करतात, म्हणजे आजूबाजूच्या गावातला माल घेऊन गाड्या भरून देतात. मला गणित मनापासून आवडतं, पण शिकवायचं नाहीये, मला धंद्यात यायचंय, आमचाच व्यापार वाढवायचा किंवा एखाद्या कंपनीत बिझनेसच्या बाजूला काम करायचं. काका म्हणतात मग बीबीए कर, गणित घेऊन काय शिकवण्या घेणार का. मामा म्हणतात इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घे. वडील म्हणतात तुझं तू ठरव. अप्लाइड मॅथ्स म्हणजे नेमकं काय असतं, त्याचा धंद्यात उपयोग होतो का, आणि जळगावला शिकू की पुण्याला जाऊ?

उत्तर : वडील "तुझं तू ठरव" म्हणाले हे वाचून खूप बरं वाटलं, त्यांना माझा नमस्कार सांग.

माझं मत आधीच सांगून टाकते, गणित घे. धंदा शिकायचे रस्ते नंतरही उघडे राहतात पण गणिताचं तसं नाहीये. लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, कॅलक्युलसचा पुढचा भाग हे अठरा ते एकवीस या वयात, रोज वही घेऊन, अडलं की विचारायला कोणीतरी समोर असताना शिकायचं काम आहे, नोकरी लागल्यावर किंवा लग्न झाल्यावर रात्री दहाला बसून हे शिकणारे फार थोडे. उलट अकाउंट, मार्केटिंग, जीएसटी हे बावीसाव्या वर्षीही शिकता येतं, आणि एमबीए करायचंच ठरलं तर कॅट द्यायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पदवीला 50 टक्के आणि एससी, एसटी, दिव्यांग गटात 45 टक्के लागतात, बस. बीबीए झालेल्या मुलीला मात्र पुढे एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला जायचं मनात आलं तर दार जवळजवळ बंद असतं. म्हणजे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता येतं, उलटं जाता येत नाही, आणि वय अठरा असताना हा फरक फार मोठा असतो.

आता अप्लाइड म्हणजे काय, तर व्यवहारातले प्रश्न सोडवायला लावलेलं गणित. बीएस्सी मॅथ्सला पहिल्या वर्षी कॅलक्युलस, अल्जेब्रा, मग डिफरन्शिअल इक्वेशन्स, न्यूमेरिकल मेथड्स, पुढे कॉलेजप्रमाणे प्रोबॅबिलिटी, ऑपरेशन्स रिसर्च, ग्राफ थिअरी असं काही ना काही येतं. सोबत ग्रुप थिअरी, रिंग, रिअल ॲनालिसिस हेही येतं आणि तिथं बऱ्याच पोरांना वाटतं की याचा धंद्याशी काय संबंध. थेट संबंध कमीच आहे हे खरं, पण एखादा फॉर्म्युला कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे ओळखायची सवय त्यातूनच लागते, म्हणून गाईड पाठ करून ते पेपर काढू नकोस, एवढी कळकळीची विनंती. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पदवीचं नाव नुसतं "गणित" असतं, "अप्लाइड" तू स्वतः करायचंय. नवीन शैक्षणिक धोरणात मेजरसोबत, म्हणजे मुख्य विषयासोबत, मायनर म्हणजे दुय्यम विषय घेता येतो, तिथं स्टॅटिस्टिक्स घे, ते नसेल तर कॉम्प्युटर. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घ्यायचा असतो, तिथं कॉमर्सकडचं अकाउंट किंवा फायनान्स घे. टाइमटेबलमध्ये जमत नाही म्हणून कॉलेजं नको तो विषय गळ्यात मारतात, त्यामुळे ॲडमिशन घ्यायच्या आधीच ऑफिसात जाऊन यंदा मायनरला खरोखर कोणते विषय चालू आहेत ते विचार, माहितीपत्रकावर जाऊ नकोस.

काकांच्या शंकेचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यायला हवं, कारण ती शंका अर्ध्या खानदेशाची आहे.

समज जळगावच्या बाजारात एक फळवाला रोज पिकलेली केळी 30 रुपये डझनने घेतो, 45 ने विकतो, संध्याकाळी उरली तर दुसऱ्या दिवशी 20 ने काढतो. रोज किती डझन उचलावीत? बहुतेक जण सांगतील सरासरी जेवढी खपतात तेवढी. पण एक डझन कमी पडलं तर त्याचा 15 रुपयांचा नफा बुडतो आणि एक डझन जास्त झालं तर 10 रुपये जातात, म्हणजे कमी पडणं जास्त महाग आहे. 15 ला 15 अधिक 10 ने भाग, 0.6 येतात. याचा अर्थ त्याने शंभर दिवसांची विक्री लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहावी आणि साठावा आकडा उचलावा. आता मे महिना आला, पारा 44 ला गेला, उरलेला माल दुसऱ्या दिवशी काळा पडला आणि 20 ऐवजी 5 रुपयेच मिळायला लागले, तर जास्तीच्या डझनामागे तोटा 25 चा झाला, 15 भागिले 40 म्हणजे 0.375, आता त्याने अडतीसावा आकडा धरायचा. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, पण खरेदी उतरली पाहिजे आणि नेमकी कितीपर्यंत तेही कळलं. याला न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणतात, पेपर विकणाऱ्याच्या उदाहरणावरून नाव पडलंय, आणि मोठमोठ्या रिटेल कंपन्यांत नाशवंत मालाचं गणित याच पायावर उभं असतं. आणि खरी मजा पुढे आहे. ज्या दिवशी माल दुपारीच संपला त्या दिवशी वहीत विक्री लिहिली 40 डझन, पण मागणी कदाचित 55 ची असेल, पंधरा डझनांची गिऱ्हाईकं परत गेली ती वहीत दिसतच नाहीत. मग अशा वहीवरून खरी मागणी कशी काढायची? हा प्रश्न स्टॅटिस्टिक्सचा आहे आणि बीबीएच्या पुस्तकात तो फार खोलात येत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या घरातलंच. हवामानावर आधारित फळपीक विमा तुम्ही केळीला काढतच असाल. त्यात थंडी-उष्णतेसाठी शेतात येऊन नुकसान मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर थंडी ठरलेल्या अंशाखाली सलग इतके दिवस राहिली किंवा उष्णता ठरलेल्या अंशावर गेली की भरपाई लागू होते, वादळासाठी वाऱ्याच्या वेगाची अट असते. आता हिशोब बघ. समज एखादी अट वीस वर्षांत चार वेळा पूर्ण झाली आणि प्रत्येक वेळी हेक्टरी 20,000 द्यायचे, तर कंपनीला वर्षाला सरासरी 4,000 लागतात, खर्च आणि नफा वर वेगळा. पण चारऐवजी पाच वेळा झालं असतं तर तोच आकडा 5,000. एका वर्षाच्या थंडीने हजार रुपयांचा फरक पडतो, म्हणजे वीस वर्षांचा डेटा किती तोकडा आहे बघ, त्यात उन्हाळे तापत चाललेत त्यामुळे जुनी वर्षं पुढच्या वर्षांसारखी धरायची का हाही प्रश्न. आणि केंद्र पाच-दहा किलोमीटरवर, तुमची बाग तापीकाठी, थंडीत केंद्रावर पारा अटीपेक्षा एक अंश वर राहिला आणि तुमच्या बागेत नवतीचं, म्हणजे नव्या लागवडीचं, पान करपलं तर पैसे मिळत नाहीत, याला बेसिस रिस्क म्हणतात. गावात यावरून दरवर्षी चिडचिड होते आणि ती रास्तच आहे, पण ही अट कुठे ठेवायची, केंद्रं किती दाट हवीत, हे ठरवणारी माणसं गणितवाली असतात. त्या टेबलावर बाग बघितलेली, कांदेबाग कधी लावतात आणि घड कधी निसवतो हे माहीत असलेली मुलगी बसली पाहिजे असं मला फार वाटतं.

विम्याचं असं गणित करणाऱ्याला ॲक्च्युअरी म्हणतात. भारतात 2006 च्या कायद्याखाली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ही संस्था आहे, तिची एसीईटी नावाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते आणि मग बीएस्सी करता करता एकेक पेपर सोडवत जायचं. सगळे पेपर सुटायला वर्षानुवर्षं लागतात, फी पण पेपरमागे भरावी लागते, म्हणून आधी कॉलेजचं पहिलं वर्ष नीट कर, प्रोबॅबिलिटी आवडतेय असं वाटलं तरच त्या वाटेला जा.

ट्रान्सपोर्टचं तर तुम्ही रोजच करता. रावेर, सावदा, चोपडा इथून माल उचलायचा, दिल्लीला किती, पंजाबला किती, कुठल्या गाडीत किती, भाडं कमीत कमी. बारावीत एलपीपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग, शिकलीस ना, आलेख काढून कोपऱ्याचे बिंदू तपासायचे, तेच हे, फक्त दोन चलांऐवजी दोनशे चलं. जॉर्ज डँटझिगने 1947 मध्ये यासाठी सिम्प्लेक्स पद्धत काढली, अमेरिकन हवाई दलाच्या नियोजनाच्या कामातून, आणि 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असलेल्या नरेंद्र करमरकरांनी मोठ्या प्रश्नांसाठी वेगळीच पद्धत मांडली, हे करमरकर आयआयटी मुंबईत शिकलेले, आपल्या मराठी घरातले. जळगावच्या डाळमिलवाल्याला तूर अकोल्याहून उचलायची, लातूरहून की बंदरावर उतरलेली, हा पण त्यातलाच प्रश्न, आणि आज तो फोनवर चार जणांना विचारून सोडवला जातो. चांगला सोडवला जातो हेही मान्य, अनुभवी माणसाचा अंदाज हलका समजू नकोस. तुझ्या वडिलांना कुठला व्यापारी पैसे थकवतो हे कुठल्याही मॉडेलपेक्षा आधी कळत असेल.

काकांना अजून एक गोष्ट सांग. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात 1207 च्या सुमाराचा शिलालेख सापडला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्या मठाचा खर्च कशातून चालायचा तर राजघराण्याच्या दानासोबत बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराच्या वाट्यातून आणि तेलाच्या घाण्यामागे ठरलेल्या पळीभर तेलातून, हे त्यात जुन्या मराठीत कोरलेलं आहे. आणि भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या लीलावतीत व्याज, भागीदारी, त्रैराशिक, मालाची अदलाबदल ही बाजाराचीच गणितं भरलेली आहेत. आपल्याच जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्याच्या पैशावर गणित शिकवलं जायचं आणि आज आपण पोरांना सांगतो की गणित वेगळं आणि धंदा वेगळा, हे कसं काय झालं कळत नाही.

मामांचं म्हणणं चुकीचं नाही, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगने नोकरी लवकर लागू शकते. पण ते तुला आवडतं म्हणून करणार की गणिताला जवळचं म्हणून, हे स्वतःला विचार. गणिताच्या मुलीने कोडिंग टाळलं तर मात्र मामा बरोबर ठरतील, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीपासून पायथॉन आणि एक्सेल, दुसऱ्या वर्षी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एवढं धरच. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑपरेशन्स रिसर्च आणि प्रोबॅबिलिटीची लेक्चर्स फुकट बघायला मिळतात.

जळगाव की पुणे? फक्त मोठ्या शहराचं नाव म्हणून पुण्याला जाऊ नकोस, खोली आणि मेसचा खर्च बीएस्सीच्या फीपेक्षा कितीतरी जास्त होतो. जळगावला मूळजी जेठा कॉलेज, अमळनेरला प्रताप कॉलेज ही जुनी कॉलेजं आहेत, बांभोरीला विद्यापीठाचा गणित विभाग आहे. जिथं स्टॅटिस्टिक्सचा विभाग चालू आहे आणि शिक्षक तासाला येतात तिथं घे, तीन वर्षं घरून ये-जा करत बापाच्या व्यापाराचं काम पण शिकशील. मग एमएस्सीला बाहेर पड, त्यासाठी जॅम परीक्षा आहे, तिच्यात गणिताचा वेगळा आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर असतो, त्यातून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी स्टॅटिस्टिक्सला जाता येतं. आयआयएम कलकत्ता, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि आयआयटी खरगपूर मिळून 2015 पासून बिझनेस ॲनालिटिक्सचा एकत्र कोर्स चालवतात, तुझ्यासारखीला तो अगदी चपखल बसेल. (अकरावीतली मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : कोलकात्याच्या त्याच इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा बारावीलाच देता येते, फी नसल्यासारखी आणि वर स्टायपेंड मिळतो. परीक्षा अवघड असते, नुसत्या बोर्डाच्या अभ्यासावर निघत नाही.)

आणि एक काम आजपासून. घरातल्या जुन्या वह्या काढ, कुठल्या दिवशी कुणाचा किती क्विंटल माल, नवतीचा भाव काय, गाडीभाडं काय, किती माल वाटेत खराब झाला, पैसे किती दिवसांनी आले, हे सगळं एका शीटमध्ये भर. कंटाळवाणं आहे, पण इंटरव्ह्यूला गेल्यावर लोक तुला या शीटबद्दल विचारतील, मार्कांबद्दल पहिल्या दोन मिनिटांत विचारून संपतं.

प्रश्न : मी अमळनेरचा, एसवाय बीएस्सी मॅथ्स. आमच्या आजोबांकडे विप्रोचे जुने शेअर होते, त्यावर घर उभं राहिलं, त्यामुळे घरात शेअर बाजाराची भीती नाही. मी सहा महिन्यांपासून ऑप्शन ट्रेडिंग करतोय, गणित चांगलं असल्याने जमेल असं वाटतं. कॉलेज सोडून फुल टाइम करू का?

उत्तर : नको, कॉलेज सोडू नकोस.

आजोबांनी केलं ते आणि तू करतोयस ते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी सुरू झाली, 1966 मध्ये अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी हातात घेतली, पुढे साबण, मग कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर असा धंदा वाढत गेला आणि ज्यांनी शेअर दशकानुदशकं हलवले नाहीत त्यांना त्या वाढीचा वाटा मिळाला. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क, त्यात असं काही वाढत नाही, एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि प्रत्येक सौद्यावर ब्रोकरेज आणि कर जातोच, म्हणजे सगळ्यांचा मिळून हिशोब तोट्याचाच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास जाहीर केला, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. नफा कुणी कमावला तर मोठ्या ट्रेडिंग संस्थांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी, आणि त्यांचा जवळपास सगळा नफा अल्गोरिदमवरचा. ते अल्गोरिदम लिहिणारी माणसं कोण असतात? गणित, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर पूर्ण शिकलेली. तुला त्या बाजूला बसायचं असेल तर वाट कॉलेजातूनच जाते.

आणि ब्लॅक-शोल्सचा फॉर्म्युला, 1973 चा, तू बघितला असशीलच, त्यात शेअर वर जाणार की खाली याचा अंदाज कुठेच भरावा लागत नाही. आजचा भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजदर आणि भाव किती हेलकावे खातो एवढं भरायचं आणि ऑप्शनची किंमत मिळते. दिशा सांगणारं गणित हातात आहे असं समजून पैसे लावू नकोस. सहा महिन्यांचे सगळे सौदे, सगळे चार्जेस धरून, एका शीटमध्ये लिही आणि त्यावर एसवायला शिकलेली हायपोथिसिस टेस्टिंग लाव, सरासरी नफा शून्यापेक्षा खरंच वेगळा आहे का बघ. आकडा काय येतो ते आम्हाला कळव आणि तोवर नवीन सौदा करू नकोस. उधारीवर पैसे घेतले असतील तर आजच घरी सांग, आजोबा रागावतील, पण सांग.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, बारावी सायन्सला गणितात हुशार निघाली. तिला बीएस्सी गणित करून एमबीए करायचंय. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरते. काय करावं?

उत्तर : भाऊ, अकरावी-बारावीचं सायन्स तिने इंग्रजीतूनच काढलंय ना, मग गणिताचं इंग्रजी तिला आलंय, ते शे-दोनशे शब्दांचंच असतं. लागणारं इंग्रजी बोलायचं आहे, एमबीएच्या ग्रुप डिस्कशनला आणि इंटरव्ह्यूला, आणि त्याला अजून तीन वर्षं आहेत. तिला रोज इंग्रजी पेपरातलं धंद्याचं एक पान वाचायला लावा, आणि वाचलेलं तुम्हाला मराठीत समजावून सांगायला लावा, कापसाचा भाव का पडला, सोनं का चढलं असं काहीही. तुम्हाला कळलं तर तिलाही कळलेलं असतं. तिसऱ्या वर्षी तेच इंग्रजीत मैत्रिणीला सांगायचं. एमएच एमबीए सीईटी आणि कॅट दोन्हीत गणिताचा भाग असतो, तिथं ती पुढे राहील, इंग्रजीच्या उताऱ्यांचा सराव मात्र पहिल्या वर्षापासून ठेवा, तो शेवटच्या सहा महिन्यांत होत नाही.